ओपिनेल चाकूचं पातं पावसाळ्यात अडकतं: आधी वाळवा, मग तेल लावा, पॉलिश पेपर सगळ्यात शेवटी

मृगाचा पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस झाले की ओपिनेल, हा लाकडी मुठीच्या फटीत मिटणारा फ्रेंच चाकू, अडकायला लागतो. मे महिन्यात नखाच्या टोकानं उघडणारं पातं जुलैत फटीतून हलत नाही. नख मोडतं, अंगठा लाल होतो, पातं जागच्या जागी. ऑक्टोबरचं ऊन पडलं की आपोआप सुटतं, आणि आपण विसरून जातो. पुढच्या जूनला पुन्हा तेच.

मी रत्नागिरी जिल्ह्यात राहतो. माझ्याकडे ८ नंबरच्या मापाचे दोन ओपिनेल आहेत, दोन्ही भाच्यानं फ्रान्सहून आणलेले. पहिल्याचं मी माझ्या हातानं नुकसान केलं. दुसरा गेली काही वर्षं ऐन श्रावणातही उघडतो. पहिल्याचं नुकसान कसं झालं आणि दुसरा कशामुळे सांभाळला गेला, हे दोन्ही खाली सांगतो. एकच गोष्ट वाचून थांबणार असाल तर ही वाचा: पावसाळ्यात अडकलेल्या चाकूच्या फटीला पॉलिश पेपर लावू नका.

अडकतं नेमकं काय

ओपिनेल हा साधा दिसणारा पण वेगळ्या पद्धतीनं उघडणारा चाकू आहे. त्यात स्प्रिंग नाही, बटण नाही. लाकडाची एकसंध गोल मूठ, तिला लांबीत कापलेली फट, त्या फटीत बसणारं पातं, पातं ज्यावर फिरतं तो खिळा, मुठीच्या तोंडावर ठोकून बसवलेलं पोलादी कडं आणि त्याच्यावर फिरणारं दुसरं कडं. एवढे पाचच भाग. जोसेफ ओपिनेलनं १८९० साली आल्प्समधल्या सावॉय प्रांतात हा चाकू केला, आणि १८९७ पासून तो १ ते १२ अशा नंबरांत मिळू लागला. वरचं फिरणारं कडं, ज्याला ओपिनेलवाले विरोब्लॉक म्हणतात आणि जे फिरवलं की उघडं पातं पक्कं होतं, ते मात्र १९५५ मध्ये आलं. म्हणजे पहिली ६५ वर्षं पातं हातावर मिटू नये म्हणून या चाकूत कुलूप असं काही नव्हतंच. लाकडाचे दोन गाल पात्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरायचे, त्या घर्षणावर सगळा भार. घट्टपणा ही या चाकूची मूळ रचना आहे. पावसाळ्यात तो प्रमाणाबाहेर वाढतो, एवढंच.

प्रमाणाबाहेर का वाढतो ते लाकडावरून कळतं. नेहमीच्या ओपिनेलची मूठ बीच नावाच्या युरोपीय झाडाची असते. लाकूड चांगलं, दाट रेषांचं, पण ओलावा लागला की खूप हलणारं. पूर्ण ओल्या अवस्थेतून पूर्ण वाळेपर्यंत बीच वर्तुळरेषांच्या दिशेनं सुमारे १२ टक्के आक्रसतं आणि गाभ्यापासून सालीच्या दिशेनं सुमारे ६ टक्के. लांबीत जवळजवळ नाहीच. आपल्या सागवानाचे आकडे याच्या साधारण निम्मे आहेत. कोकणात दारं-खिडक्यांना जुने लोक सागाचाच आग्रह का धरत, त्यातलं एक कारण हेच.

हवेत आर्द्रता ५० टक्के असताना लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी असतं. ९० टक्क्यांच्या हवेत ते हळूहळू २० टक्क्यांच्या आसपास जातं. आपल्याकडे जुलैत हवा दिवसरात्र ९० च्या घरात असते. पापड सादळतात, मीठ ओघळतं, आगपेटी पेटत नाही, मग मूठ कशी कोरडी राहील? पाणी ९ वरून १६ टक्क्यांवर गेलं तरी ५ मिलिमीटर जाडीचा लाकडी गाल ०.१ मिलिमीटरहून जास्त फुगतो. दोन्ही गाल मिळून पाव मिलिमीटर. पात्याच्या दोन्ही बाजूंना मिळून तेवढी मोकळी जागा मुळात नसतेच.

त्यात आणखी एक गोष्ट. तोंडाशी लाकडाभोवती पोलादी कडं आहे. पोलाद ओलाव्यानं फुगत नाही, त्यामुळे तिथलं लाकूड बाहेरच्या बाजूला वाढू शकत नाही. ते आत वाढतं, म्हणजे थेट पात्यावर येतं. बैलगाडीच्या चाकाची धाव आठवा. उन्हाळ्यात लाकूड वाळून धाव सैल पडली की चाक पाण्यात बुडवून ठेवत, म्हणजे लाकूड फुगून लोखंडाला घट्ट लागे. इथे नेमकी तीच क्रिया चालते, फक्त ती आपल्याला नको असते.

आत्ता, या क्षणी उघडायचा असेल तर

पक्कड घेऊ नका. पक्कडीनं पात्याचा कणा, म्हणजे बिनधारेची बाजू, ओढला की पातं एकदम सुटतं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवरून जातं. शिवाय पात्यावर कायमचे चरे पडतात.

आधी बाहेरचं कडं बघा. २००० सालानंतरच्या चाकूंत पातं मिटलेलं असतानाही हे कडं फिरवून कुलूप लागतं. खिशात फिरून कडं सरकलेलं असतं आणि माणूस फुगलेल्या लाकडाला दोष देत बसतो. कड्याची खाच मुठीच्या फटीसमोर आणा. दोनतीन जणांचे ‘अडकलेले’ चाकू माझ्याकडे आले ते एवढ्यानंच उघडले.

तरी हलत नसेल तर सावॉयमधल्या लोकांची जुनी युक्ती करा. तिला ते ‘कू द्यू सावोयार’ म्हणतात, म्हणजे सावॉयकराचा ठोका. चाकू कड्याजवळ धरायचा. बोटं फटीवर अजिबात येऊ द्यायची नाहीत, दोन्ही बाजूंनी गालांवरच ठेवायची. मुठीचं बूड खाली, फटीची बाजू किंचित जमिनीकडे झुकलेली, आणि बुडाचा कोपरा लाकडी पाटावर किंवा उंबऱ्यावर टक्‌ करून मारायचा. मूठ थांबते, पातं मात्र आपल्या वजनानं पुढे जाऊ पाहतं आणि फटीतून दोनतीन मिलिमीटर वर येतं. तेवढं आलं की नख अडकवायची खाच हाताला लागते. ठोका मनगटानं द्यायचा, खांद्यानं नाही. दगडी लादीवर मारू नका, बुडाला खड्डे पडतात.

ही युक्ती त्यांच्या प्रांताच्या नावानं ओळखली जाते, यातच सगळं आलं. पातं अडकणं हे आपल्या हवेनं निर्माण केलेलं नवं दुखणं नाही. आल्प्समधल्या गुराख्यालाही ते ठाऊक होतं. आपल्याकडे ते चार महिने मुक्कामाला येतं, इतकाच फरक.

पाचसहा ठोक्यांत पातं हललं नाही तर थांबा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, पात्याचा जो कणा फटीच्या वर दिसतो तो अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा आणि सरळ वर ओढा. रबर पोलादाला चांगलं धरतं आणि झटका बसत नाही. चाकूचं तोंड स्वतःकडे नको, समोर कोणी बसलेलं नको. उघडल्यावर मात्र त्या दिवशी पुन्हा पूर्ण मिटून ठेवू नका.

कुठे घासतंय ते शोधा

पातं उघडलं की लगेच तेलाची बाटली काढायची सवय असते. त्याआधी दहा मिनिटं तपासणीला द्या, कारण ‘अडकतंय’ या एका शब्दाखाली तीनचार वेगळी कारणं असतात.

पातं शून्यापासून पूर्ण उघडेपर्यंत सारखंच जड फिरतंय का? मग अडचण खिळ्यापाशी, कड्याच्या आतल्या भागात आहे. पात्याचं बूड उघडताना-मिटताना सतत त्याच जागी गालांच्या मध्ये असतं, म्हणून जडपणा सगळीकडे सारखा जाणवतो. उलट पातं अर्ध्या वाटेवर छान हलकं आहे आणि मिटताना शेवटच्या टप्प्यावरच धरतंय, तर घासणारी जागा फटीत खाली, मुठीच्या मधल्या किंवा बुडाकडच्या भागात आहे. ती जागा डोळ्यांनी बघायची असेल तर पात्याच्या दोन्ही अंगांवर पांढऱ्या फळ्यावरच्या मार्करनं शाई फासा, सुकू द्या, दोनदा मिटून उघडा. जिथली शाई पुसली गेली तिथे लाकूड टेकतंय. बहुतेक वेळा एकाच अंगाला टेकतं, कारण मुठीतल्या रेषा दोन्ही गालांत सारख्या नसतात आणि एक गाल दुसऱ्यापेक्षा जास्त फुगतो. नंतर शाई स्पिरिटनं पुसून टाका.

सांध्यातून तांबूस पूड किंवा तपकिरी ओघळ येत असेल तर तो गंज आहे. कार्बन पोलादाच्या पात्याला हे हमखास होतं, स्टेनलेसच्या पात्याला फार कमी. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तोही सांधा आवळतो. लिक्विड पॅराफिनचे दोन थेंब सांध्यात सोडा, पातं वीसेक वेळा उघडा-मिटा, बाहेर आलेला तपकिरी मळ कापडानं टिपा, पुन्हा थेंब. कापड स्वच्छ येईपर्यंत. यात घाईला जागा नाही, मला एकदा तीन संध्याकाळी लागल्या होत्या.

आणि कोकणात एक खास कारण आहे: फणसाचा चीक. गरे काढायला हा चाकू छान आहे, पण चीक पात्यावरून फटीत उतरतो, तिथे घट्ट होतो आणि पातं डिंकानं चिकटवल्यासारखं बसतं. त्याला पाणी आणि साबण चालत नाही. फणस कापताना हाताला जे लावतो तेच इथेही लावायचं, खोबरेल. सुती कापडाची बोटभर पट्टी खोबरेलात भिजवून फटीत सारा, दहा मिनिटं थांबा, मग पट्टी पुढेमागे ओढा. कोपऱ्यात राहिलेला चीक बांबूच्या काडीनं निघतो. पिकल्या आंब्याचा रस असेल तर ओलसर कापड पुरतं, पण लगेच कोरड्या कापडानं पुसून चाकू उघडाच ठेवायचा.

बाहेरचं कडं स्वतंत्रपणे जड असू शकतं. पातं अर्धवट उघडून कडं एकटंच फिरवून बघा. त्याच्याखाली वाळू किंवा गंज असेल तर थेंबभर तेल आणि थोडं फिरवणं पुरतं. कडं काढायला मी कधी गेलो नाही आणि तुम्हालाही सुचवत नाही. ते एकदा वेडंवाकडं फाकलं की पात्याला नीट धरत नाही, आणि ज्या कड्यावर आपल्या बोटांची सुरक्षितता आहे त्याच्याशी खेळू नये.

वाळवणं

चीक नाही, गंज नाही, कडं मोकळं आहे, म्हणजे लाकूडच फुगलंय. आता त्यातलं पाणी काढायचं, पण सावकाश. उन्हात, चुलीजवळ, ओव्हनमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. बाहेरचा थर लवकर वाळून आक्रसतो, आत ओल तशीच असते, आणि मूठ तडकते. तडा बहुतेक कड्याजवळूनच सुरू होतो.

घरात एसीची खोली असेल तर चाकू उघडा करून चारपाच दिवस तिथे उंच फळीवर ठेवा. एसी हवेतलं पाणी काढून टाकतो, तेवढ्यानं काम होतं. आमच्याकडे एसी नाही, म्हणून मी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा वापरतो. तांदळात ठेवा असं सगळे सांगतात, पण जुलैतले तांदूळ स्वतःच सादळलेले असतात, ते दुसऱ्याचं पाणी काय ओढणार? पाव किलो तांदूळ कढईत मंद आचेवर दहापंधरा मिनिटं भाजायचे, रंग बदलेपर्यंत नाही, फक्त खडखडीत होईपर्यंत. झाकून पूर्ण गार करायचे आणि डब्यात तळाशी पसरायचे. वर कागदाची घडी आणि त्यावर अर्धवट उघडा चाकू. तिसऱ्या दिवशी तांदूळ पुन्हा भाजायचे. सिलिका जेलच्या पुड्या असतील तर त्या अधिक सोयीच्या, फक्त त्या खाण्याच्या वस्तूंपासून लांब ठेवा.

किती दिवस? हे अंदाजानं ठरवण्यापेक्षा वजन करा. मला ही गोष्ट सगळ्यात उपयोगी पडली आहे. ८ नंबरचा चाकू साधारण ४५ ग्रॅमचा, त्यात लाकडाचा वाटा अंदाजे निम्मा. लाकडात पाणी चारपाच टक्क्यांनी वाढलं की वजन सुमारे एका ग्रॅमनं वाढतं. सोनारकामासारखा दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आता सहज मिळतो. मे महिन्याच्या शेवटी, पातं छान चालत असताना वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवायचं. तो आपला कोरडा आकडा. पावसाळ्यात डब्यात ठेवल्यावर वजन त्या आकड्याच्या जवळ आलं आणि दोन दिवस तिथेच राहिलं की वाळवणं झालं. त्याआधी पातं सैल वाटलं तरी थांबा, आतलं पाणी अजून बाहेर यायचं असतं.

तेल

आता तेल, आणि ते लाकूड वाळल्यावरच. ओल्या लाकडाला तेल लावलं तर आतलं पाणी बाहेर यायला आणखी वेळ लागतो. कोरड्या लाकडाला लावलं तर बाहेरचं पाणी आत शिरायला वेळ लागतो. तेलानं ओलावा कायमचा बंद होत नाही, तो फक्त हळू होतो. पण आपल्याला चार महिनेच काढायचे असतात, त्यामुळे हळू होणं पुरेसं आहे.

माझ्या दोन्ही चाकूंत मुठीला बाहेरून वार्निश आहे, फटीच्या आतल्या भिंती मात्र कोऱ्या. पाणी शिरतं ते तिथून आणि कड्याच्या तोंडाशी जिथे लाकडाच्या रेषा कापलेल्या दिसतात तिथून. म्हणून बाहेरून मूठ चोळत बसण्यात फारसा अर्थ नाही.

फटीच्या भिंतींना मी घाण्यावरचं कच्चं जवसाचं तेल लावतो. जवसाचं तेल हवेत हळूहळू घट्ट होतं आणि लाकडात पातळ कातडीसारखं बसतं. शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल असं वाळत नाही, चिकट राहतं, आणि शेंगदाण्याचं लवकर खवट होतं. खोबरेल चीक काढायला उत्तम, पण ते सुमारे २४ अंशांखाली गोठतं, त्यामुळे थंडीत सांध्यात मेणासारखं बसतं. जवसाचं तेल पातळ काडीनं फटीत लावायचं, अर्ध्या तासानं जास्तीचं पुसायचं, चाकू उघडा ठेवून दोन दिवस थांबायचं. असे तीन हात. प्रत्येक हात पातळ. जाड थर दिला तर तोच थर पात्याला घासू लागतो.

तेल पुसलेलं कापड चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि घडी झालेल्या कापडात ती साठून कापड आपोआप पेटू शकतं. कापड दोरीवर सुटं पसरून वाळवा, किंवा पाण्यात भिजवून मग टाका. ही भीती दाखवण्यासाठी सांगितलेली गोष्ट नाही, सुतारांच्या कामाच्या जागी अशा आगी खरोखर लागतात.

खिळ्याच्या भागात, म्हणजे कड्याच्या आत, जवसाचं तेल नको. तिथे ते घट्ट होऊन सांधा जड करतं. तिथे व्हॅसलीन. चाकू उघडून कड्याच्या तोंडाशी लाकूड आणि पातं यांच्यामधल्या बारीक जागेत बोटानं व्हॅसलीन भरायचं आणि केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा मिनिटभर द्यायची. व्हॅसलीन वितळून आत उतरतं, लाकडाच्या कापलेल्या रेषांत शिरतं आणि तिथेच राहतं. पातं दहा वेळा फिरवायचं, पुन्हा थोडं भरायचं. हवा कोमट हवी, लाकूड हाताला चटका देईल इतकी गरम नको. जवसाच्या आधी हे करू नका, कारण व्हॅसलीन लागलेल्या लाकडात नंतर जवस मुरत नाही.

पॉलिश पेपर, आणि मी केलेली चूक

माझा पहिला चाकू आला त्याच वर्षीच्या जुलैत तो अडकला. मी फटीत १२० नंबरचा पॉलिश पेपर घातला आणि तासभर दोन्ही गाल घासले. चाकू लोण्यासारखा चालायला लागला, मी खूश होतो. मार्चमध्ये लाकूड वाळलं आणि पातं फटीत खुळखुळू लागलं. चाकू उलटा धरला की पातं आपल्या वजनानं अर्धं बाहेर येई. कडं आहे म्हणून वापरता येतो, पण कडं न फिरवता त्याला खिशात ठेवणं आता धोक्याचं आहे. घासलेलं लाकूड परत येत नाही. चाकूत दोष नव्हता, चूक पूर्ण माझी होती.

त्याच सुमारास आमच्या माजघराचं दार धरत होतं, आणि सुतारकाका येऊन नुसतं बघून गेले. रंधा काढलाच नाही. म्हणाले, दसऱ्यानंतर बघू, तेव्हाही धरलं तर मारतो. दसऱ्यानंतर दार आपोआप सुटलं. दाराच्या बाबतीत जे मला दिसलं ते हातातल्या चाकूच्या बाबतीत मी लावून बघितलं नाही.

म्हणून घासण्याचा निर्णय मेमध्ये घ्यायचा. कोरड्या वजनालाही पातं जड असेल, तरच. मार्करची शाई जिथे पुसली गेली त्या जागेला पेन्सिलनं खूण करायची. ३२० नंबरचा, म्हणजे बारीक दाण्याचा, पेपर हॅक्सॉच्या जुन्या पात्याच्या तुकड्याला गुंडाळायचा, दाते घासून बोथट केलेला तुकडा घ्यायचा, आणि फक्त खुणेच्या जागी दहा हात मारायचे. पूड झटकून पातं मिटून बघायचं. पुन्हा दहा. कड्याच्या आतल्या भागाला हात लावायचा नाही, तिथली आवळ राहू द्यायची. घासलेल्या जागेवर जवसाचे तीन हात पुन्हा द्यावे लागतात, कारण आतलं कोरं लाकूड उघडं पडलेलं असतं.

उन्हाळ्यात पातं किंचित सैल वाटलं तर त्याला दुरुस्तीची गरज नसते. ‘खिळ्यावर हातोडीनं दोन टोले मारा, घट्ट होईल’ असा सल्ला कोणी देईल. तो सल्ला चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या चाकूसाठी आहे. जपानच्या मिकी शहरात होणाऱ्या हिगोनोकामी चाकूची मूठ धातूच्या पत्र्याची घडी घातलेली असते. पात्याच्या बुडाला बाहेर आलेली एक शेपटी अंगठ्यानं दाबली की पातं उघडतं, आणि त्यात कुलूप नसतं, म्हणून सांधा सैल पडला की खिळा हलकेच ठोकून आवळतात. पत्रा फुगत नाही, त्यामुळे एकदा आवळलेलं बारा महिने तसंच राहतं. ओपिनेलचा खिळा लाकडातून जातो. एप्रिलमध्ये तो ठोकून आवळलात तर जुलैत फुगलेल्या लाकडाला तेवढीही जागा राहणार नाही, आणि मग पातं ठोक्यानंही येणार नाही.

रोजच्या वापरात

फळ कापून झालं की पातं पुसून चाकू लगेच मिटायची सवय सोडावी लागते. पात्यावर राहिलेला ओलसरपणा मिटल्यावर फटीत अडकतो आणि लाकूड तो पिऊन घेतं. पावसाळ्यात माझा चाकू रात्रभर उघडा असतो, कडं फिरवून कुलूप केलेला, देवघराच्या वरच्या फळीवर, मुलांचा हात पोचत नाही तिथे. कैरी, लिंबू, ओलं कोकम कापल्यावर कार्बनचं पातं काळसर पडतं. त्या काळेपणानं काही बिघडत नाही, तो घासून काढू नका. तांबूस डाग दिसला तर मात्र त्याच दिवशी पुसून तेल.

चाकू कधीही पाण्यात भिजत ठेवू नका. पावसात ट्रेकला नेला आणि पिशवीत चिंब झाला तर घरी येईपर्यंत थांबू नका, तो मुक्कामालाच उघडून टाका. सगळ्यात वाईट अडकलेले चाकू मी पाहिले ते ओले असताना मिटलेले आणि दोन दिवस तसेच पिशवीत राहिलेले. अशा चाकूला ठोका देऊ नका, ओल्या लाकडाचा बुडाचा कोपरा दबतो. आधी तो तसाच मिटलेला डब्यात, तीनचार दिवस. मग ठोका.

दुसऱ्या चाकूचं पहिल्या पावसाळ्यातलं, तेल लावण्याआधीचं वजन जवळजवळ दोन ग्रॅमनी वाढलं होतं. यंदा मेअखेरीस तो ४५.२ ग्रॅम होता, १५ जुलैला ४६.१. सहा दिवस भाजलेल्या तांदळांच्या डब्यात राहून काल ४५.५ वर आला आहे. पातं एका ठोक्यानं वर येतं, पुढे नख पुरतं.